दोन रकान्यांची वही

माणसाचा कशावर तरी विश्वास असावा लागतो. कुणाचा देवावर असतो, कुणाचा शेअरबाजारावर असतो. माझा रकान्यांवर आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यातून बँकेतला कारकून. जमा आणि नावे यांच्या मधल्या उभ्या रेघेला धरून माझा संसार उभा आहे. घरच्या किराण्याची यादीसुद्धा मी तारीख, तपशील, नग, दर, रक्कम आणि शेरा अशा सहा रकान्यांत करतो. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा त्यातल्या शेऱ्याच्या रकान्यात 'माणसानं इतकं करू नये' असं लिहून ठेवलं होतं. शेरा योग्य रकान्यात असल्यामुळे मी हरकत घेतली नाही.

अशा माणसाला त्याच्या सख्ख्या भाच्यानं भाऊबिजेच्या दिवशी, ताटात करंजी असताना, "मामा, माझ्या वहीला दोनच रकाने आहेत," असं सांगावं, हा काय प्रसंग असेल याची कल्पना करा. करंजी घशात अडकली. खोबऱ्याचं सारण होतं, तरी अडकली.

ताईचं गाव राहुरी तालुक्यात. भाचा हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत आहे. गावाचं आपण काही देणं लागतो अशी उबळ शहरात राहणाऱ्या माणसाला अधूनमधून येते. ती उबळ म्हणून त्यानं गावच्या दूध संकलन केंद्राला मोबाइलवर चालणारा हिशोबाचा प्रोग्रॅम फुकट करून दिला होता. केंद्राचं काम तुम्हाला माहीत असेलच. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात, आपला कोड नंबर सांगतात. काटा दूध सांगतो, यंत्र फॅट आणि एसएनएफ सांगतं, चिठ्ठी बाहेर पडते आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. दिवाळीला वर्षभराच्या दुधावर लिटरमागं रिबेट मिळतं.

"याला की-व्हॅल्यू स्टोअर म्हणतात," भाचा म्हणाला. "की म्हणजे किल्ली. व्हॅल्यू म्हणजे तिच्यामागचा ऐवज. पहिल्या रकान्यात किल्ली, दुसऱ्यात ऐवज. किल्ली द्या, ऐवज घ्या. संपलं!"

"म्हणजे टोकन!" मी म्हणालो.

मी खरोखर खूश झालो होतो. आमच्या बँकेत मी लागलो तेव्हा पितळी टोकनं होती. चेक दिला की गोल बिल्ला हातात यायचा आणि माणूस बाकावर बसून आपल्या नंबराकडे भक्तिभावानं पाहत राहायचा. कॅशियर नंबर पुकारायचा, बिल्ला घ्यायचा, पैसे द्यायचा. तुम्ही कोण, पैसे कशाला हवेत, मुलीचं लग्न आहे की विहिरीचं काम, काही विचारायचा नाही. शिर्डीला चपला ठेवणाराही विचारत नाही. बिल्ला द्या, चपला घ्या. किल्ली या विषयात आमच्या जिल्ह्याला तसाही अधिकार आहे. शनिशिंगणापुरात घरांना दारं-कुलपं न लावण्याची परंपरा सगळ्या देशाला माहीत आहे, आणि २०११ साली युको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा उघडली. ती बातमी वाचून आमचे हेड कॅशियर दोन दिवस नीट जेवले नव्हते.

तेव्हा किल्लीला माझा विरोध नाही, हे आधीच नमूद करून ठेवतो. माझं भांडण पुढेच आहे.

पण त्याआधी एका भांडणात मी भाच्याच्या बाजूनं उभा राहिलो, तेही सांगायला हवं. नाहीतर मामा जुनाट आहे, असा तुमचा समज व्हायचा.

भाच्याचे कंपनीतले कुणी वरिष्ठ त्याला हसले होते. त्यांचं म्हणणं, असल्या कामाला मोठा सर्व्हर भाड्यानं घ्यावा, त्यावर किल्ली-ऐवजाचं खास दुकान थाटावं. मोबाइलमधल्या चिमुकल्या एसक्यूलाइटवर कसला धंदा करतोस?

ही एसक्यूलाइट म्हणजे काय हे मी त्या दिवशी समजून घेतलं आणि तिच्या प्रेमात पडलो. बाकीच्या डेटाबेसना बसायला वेगळी कचेरी लागते. तिथं साहेब लागतो, शिपाई लागतो, आणि तुमचा प्रोग्रॅम खिडकीपाशी जाऊन अर्ज करतो. एसक्यूलाइटला कचेरीच नाही. ती प्रोग्रॅमच्या पोटातच राहते आणि सगळी वही एका फायलीत ठेवते. म्हणून तिला अंतर्भूत म्हणतात. डी. रिचर्ड हिप नावाचे गृहस्थ अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी प्रोग्रॅम लिहीत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की यांचा प्रोग्रॅम चालत नसे आणि बोल मात्र यांना लागे. बँकेतल्या माणसाला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही. 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य मी आयुष्यात 'नमस्कार'पेक्षा जास्त वेळा उच्चारलं आहे. हिपसाहेबांनी मात्र नुसता बोर्ड लावला नाही. सर्व्हरच नसला तर डाऊन काय होणार, असा विचार करून त्यांनी २००० साली एसक्यूलाइट काढली आणि ती सगळ्यांना मोकळी सोडून दिली. तिच्यावर कुणाचाच हक्क नाही, म्हणजे गायरानच म्हणा. आज तुमच्या-माझ्या फोनमध्ये ती आहे.

आता मला सांगा, आमच्या राहुरीकडच्या दूध केंद्राला काय हवं? तिथं वीज जाते, नेटवर्क जातं, पण म्हैस धार द्यायची थांबत नाही. सर्व्हर परगावी आणि किटली इथं, अशी स्थिती झाली तर रांगेतल्या लोकांनी काय दुधाचं दही लागेपर्यंत थांबायचं?

शिवाय तिची शिस्त पाहा. नोंद अर्धवट असताना फोन बंद पडला तर ती अर्धी नोंद वहीत राहत नाही. एक तर पूर्ण, नाहीतर नाहीच. पीककर्जाच्या टेबलावर बसून सातबारे पाहणाऱ्या मला ही रीत ओळखीची वाटली. जमिनीचा बदल आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहितात. हरकती मागवतात, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात आणि मग त्याचा अंमल सातबाऱ्यावर येतो. एसक्यूलाइटमध्येही २०१० पासून अशी एक सोय आहे. बदल आधी वेगळ्या नोंदवहीत लिहायचा, पक्का करायचा, आणि मग सवडीनं मुख्य वहीत उतरवायचा. फरक इतकाच, की तिथं त्याला महिने लागत नाहीत आणि पेढे द्यावे लागत नाहीत.

तिची मर्यादाही आहे. वाचायला कितीही जण बसोत, लिहायला एका वेळी एकच लेखणी. पण केंद्रावर बटण दाबणारा सचिव एकच आहे आणि तोही एकाच बोटानं दाबतो. बरं, हिशोब तरी केवढा? १२० उत्पादक, दोन पाळ्या, ३६५ दिवस म्हणजे वर्षाच्या ८७,६०० नोंदी. एवढ्यासाठी भाड्यानं सर्व्हर घेणं म्हणजे एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी ट्रक करणं आहे. हे मी ताईच्या ओसरीवर मोठ्यानं सांगितलं. भाच्यानं माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं.

आणि मग त्यानं फोन उघडून मला वही दाखवली.

वहीत खरोखरच दोन रकाने होते. पहिल्यात किल्ली: कोड नंबर, तारीख, पाळी, सगळं एका दोरीत ओवलेलं. दुसऱ्यात ऐवज: दूध, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, पेंडीची कपात, सगळं एका बोचक्यात बांधलेलं. सभासदाची माहिती? तीही त्याच वहीत, त्याच दोन रकान्यांत. दर? तेही. पावतीवर छापायचं केंद्राचं नाव? तेही तिथंच.

"अरे, पण खाली रकान्यांचा कारखाना असताना तू दोनच का आखलेस?"

"लवचीकता, मामा! उद्या काय लागेल ते आज कुणाला ठाऊक? रकाने आखले की ते बदलायचा त्रास. ऐवजात काहीही टाकता येतं."

वाचकहो, हा लेख मी ज्या एका शब्दाविरुद्ध लिहीत आहे तो शब्द म्हणजे 'काहीही'.

प्रत्येक नोंदवहीत काहीही टाकण्यासाठी शहाण्या पूर्वजांनी एक जागा ठेवलेली आहे. ती सगळ्यात शेवटी असते, अरुंद असते आणि तिला शेरा म्हणतात. सातबाऱ्यावरही पिकांच्या बाजूला शेवटी शेरा आहे, आणि हक्कांच्या बाजूला इतर अधिकारांचा रकाना आहे, ज्यात आमच्या बँकेचा बोजा चढतो. कुणाला सुचेल ते सगळं तिथं. पण त्याच्या आधी नाव, क्षेत्र, आकार यांना आपापली घरं आहेत. भाच्यानं अख्खी वहीच शेऱ्याची केली होती!

त्यातली गंमत तर पुढेच आहे. मी खोदून विचारल्यावर त्यानं कबूल केलं, की एसक्यूलाइट आपली कोष्टकं आतमध्ये ज्या झाडात रचते, त्या झाडातही प्रत्येक ओळीला एक नंबर आणि त्या नंबरामागं ओळीचा मजकूर, असंच असतं. म्हणजे तळाशी किल्ली-ऐवज, त्यावर कष्टानं उभे केलेले रकाने, आणि त्या रकान्यांच्या डोक्यावर भाच्यानं पुन्हा मांडलेला किल्ली-ऐवज. घोड्यावर बसलेल्या एका शहाण्यानं घोड्याला भार नको म्हणून गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. तो आमच्या घराण्यातला निघेल असं मला वाटलं नव्हतं.

बोचक्यांचा धोका आपल्याला नवा नाही. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले. रुमाल हा शब्द ऐकून खिशात हात घालू नका. हे कापडाचे मोठे गठ्ठे. अमुक रुमाल द्या म्हटलं की रुमाल मिळे. पण पानिपताविषयी काय काय आहे, असं विचारलं की एकच उपाय, रुमाल सोडा आणि वाचा. गो. स. सरदेसाई आणि त्यांचे सहकारी १९३० च्या सुमारास ते सोडत बसले, तेव्हा कुठं निवडक कागदांचे ४५ खंड छापून झाले. किल्लीवरून ऐवज मिळतो. ऐवजावरून किल्ली शोधायची झाली, की त्यासाठी रियासतकार जन्माला यावा लागतो.

"हल्ली तसं नाही," भाचा म्हणाला. "ऐवजाच्या आतला एखादा तुकडा बाहेर काढून त्यावर सूची करता येते. एसक्यूलाइटमध्ये २०१५ पासून सोय आहे."

"म्हणजे त्या तुकड्याला तू वेगळी जागा देणार, नाव देणार, आणि त्यावरून शोधणार?"

"हो."

"त्यालाच आम्ही रकाना म्हणतो."

भाचा गप्प झाला. मी विजयानं दुसरी करंजी उचलली, आणि तेवढ्यात ओसरीच्या पायरीशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.

"काय रं लेकरा," ती भाच्याला म्हणाली, "माझ्या दुधाचा हिशोब तुझ्या त्या यंत्रानं गिळला व्हय?"

वसुबारसेला केंद्रावर रिबेटची यादी लागली होती. आजीचं रिबेट जेमतेम चार महिन्यांचं निघालं होतं. सचिव म्हणत होता, यंत्र सांगतंय ते खरं. प्रकार असा, की म्हातारे जूनअखेर वारले. तोवर दूध त्यांच्या ४७ नंबरवर जमा व्हायचं. ते गेल्यावर ४७ बंद झाला आणि आजीला ११२ नंबर मिळाला. दहा दिवसांचा पगार बरोबर होत राहिला, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. दिवाळीला रिबेट काढताना यंत्रानं ११२ ची किल्ली लावली, चार महिने सापडले, तेवढे दिले. ४७ ची लावली, 'खातं बंद' असं दिसलं, सोडून दिलं. यंत्राच्या मते एक उत्पादक मेला आणि दुसरा जन्माला आला. दोघांचा काही संबंध नाही.

"गाया त्याच, गोठा त्योच, किटली तीच," आजी म्हणाली. "धनी गेले, दूध नव्हतं गेलं. त्यांच्या वक्ताला बी धार म्याच काढीत हुते."

यावर कुणाला काही बोलता येईना. आजीनं डबा उघडला. त्यात वर्षभराच्या चिठ्ठ्या होत्या, महिन्यामहिन्याच्या वेगळ्या, सुतळीनं बांधलेल्या. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण सकाळची चिठ्ठी सरळ आणि संध्याकाळची दुमडलेली, अशी तिची रचना होती. म्हणजे तारीख, महिना, पाळी असे तीन रकाने एका निरक्षर बाईनं बिस्किटाच्या डब्यात पाडले होते. मी भाच्याकडे फक्त पाहिलं.

बंद खात्याचे आठ महिने आम्ही दोघांनी चिठ्ठ्यांवरून रात्री जमवले. मी वाचायचो, तो बेरीज करायचा. २,३८६ लिटर निघालं. लिटरला रुपया, म्हणजे २,३८६ रुपये. आमच्या बँकेत एवढी रक्कम लोक स्लिपवर खाडाखोड झाली म्हणून न काढता निघून जातात. आजीच्या घरी ती म्हणजे दोन-तीन महिन्यांचा किराणा.

सगळ्यात वाईट गोष्ट मध्यरात्री कळली. ११२ चं बोचकं भाच्यानं उघडलं, तर आत सचिवानं इमानानं टाइप केलेलं होतं: 'पूर्वीचा कोड ४७, मयत पतीचा.' माहिती होती! वहीतच होती! पण ती ऐवजाच्या पोटात होती आणि यंत्र फक्त किल्ल्या हलवत बसलं होतं.

"मामा," भाचा हळूच म्हणाला, "रकाने असते तरी ही चूक झाली असती."

झाली असती, हे मी मान्य करतो. रकाने आखल्यानं अक्कल येत नाही. तसं असतं तर आमच्या शाखेत एव्हाना ऋषीच बसले असते. पण रकाने आखायला बसलं की माणसाला प्रश्न पडतात. नाव कुठं लिहायचं? नंबर बदलला तर? माणूस गेला तर? सातबाऱ्यावर खातेदार वारला की वारसाची नोंद फेरफारानं होते आणि जुन्या नावाला कंस होतो. गट तोच राहतो. मेलेला माणूससुद्धा कंसात का होईना, कागदावर राहतो आणि कुणानंतर कोण आलं ते सांगतो. 'काहीही टाकता येतं' म्हणणाऱ्याला हे प्रश्नच पडत नाहीत. त्याची लवचीकता म्हणजे पुढे ढकललेला विचार, आणि त्याचं व्याज कुणी भरायचं? आजीनं.

दुसरं असं, की किल्लीत माणसाचं नाव-गाव गुंफू नये. २०२४ साली आमच्या अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. ज्यांनी जिल्हा नंबरानं ओळखला होता त्यांना एका जागी नाव बदलून भागलं. माझ्या स्कूटरला तर कळलंसुद्धा नाही, ती एमएच १६ होती आणि एमएच १६ च आहे. भाच्यानं मात्र कोड नंबर प्रत्येक किल्लीत गुंफला होता. कोड बदलायचा तर एकेक किल्ली कानशीनं घासायला हवी.

१९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी या रकान्यांच्या शास्त्राचा पाया घातला. त्यांच्या निबंधाच्या नावातच 'रिलेशनल' आहे आणि शेवटी चक्क 'डेटा बँक्स' आहे. बँकेचं नाव निघाल्यावर मी कॉलर ताठ केली आणि म्हणालो, "रिलेशनल! म्हणजे नाती! नवऱ्याच्या खात्याचं बायकोच्या खात्याशी नातं!"

"नाही मामा. रिलेशन म्हणजे गणितातला संबंध, साधारण कोष्टक. नाती वगैरे लोकांची गैरसमजूत आहे."

असेल. कॉडसाहेबांच्या गणितापुढे माझी बी.कॉम. काय टिकणार? पण आजीच्या बाबतीत माझीच गैरसमजूत उपयोगी पडली असती.

पहाटेपर्यंत भाच्यानं वही नव्यानं आखली. सभासदांचं एक कोष्टक, त्यांचा आतला नंबर कधीही न बदलणारा. कोडांचं दुसरं, कुठला कोड कुणाकडे कधीपासून कधीपर्यंत. दुधाचं तिसरं. लिटरच्या रकान्यात आकडाच हवा, अक्षर चालणार नाही, अशी ताकीद. एसक्यूलाइट या बाबतीत स्वभावानं सैल आहे, पण २०२१ पासून कडक कोष्टक मागितलं तर देते. मागावं मात्र लागतं.

आणि दोन रकान्यांची वही? ती मीच ठेवायला लावली. पावतीवरचं केंद्राचं नाव, छपाईची रुंदी, काट्याचा क्रमांक, अक्षरांचा आकार. यांची कुणी कधी बेरीज करत नाही, यांना वारस नसतात, आणि ते मागताना नावानंच मागतात. तिथं किल्ली-ऐवजासारखी सुटसुटीत गोष्ट नाही. अँड्रॉइड फोनसुद्धा आपल्या बारीकसारीक सेटिंगा पुष्कळ वर्षं एसक्यूलाइटच्या अशाच नाव आणि मूल्य अशा कोष्टकांत ठेवत होता. टोकन टोकनाच्या जागी उत्तम. बँकेची खतावणी फेकून देऊन नुसती टोकनंच ठेवली, तर ताळेबंदाच्या दिवशी कॅशियरला पळून जावं लागेल.

आजीचे २,३८६ रुपये तुळशीच्या लग्नाआधी मिळाले. डिसेंबरात तिची एक गाय व्याली. भाचा गावाहून येताना आमच्याकडे एक स्टीलचा डबा घेऊन आला. आजीनं मामासाठी खरवस धाडला होता.

डब्यावर नाव नव्हतं, तारीख नव्हती, काही नव्हतं. सौभाग्यवतींनी तो उघडला, वेलचीचा वास घरभर झाला, आणि त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "याच्या कुठल्या रकान्यात नोंद करणार?"

मी यादी काढली. तारीख लिहिली. तपशील: खरवस. नग: एक डबा. दर आणि रक्कम या रकान्यांत काय लिहावं ते सुचेना, म्हणून तिथं रेघ मारली. शेऱ्यात लिहिलं, 'कोड ११२, पूर्वीचा ४७.'